रांगेतला चौथा माणूस

"भुवना, भिंग आण! अगं, हा मी! हा मी चालतोय बघ!"

भुवनेश्वरी स्वयंपाकघरातून धावतच आली. अप्पा पेपर दोन्ही हातांत धरून उभे होते.

१९९५ सालची ही गोष्ट. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत राहणारे सेतुमाधवराव, म्हणजे भुवनाचे अप्पा, तेव्हा पंचाहत्तर वर्षांचे होते. कालव्यांची दारं उघडण्या-लावण्याच्या नोकरीत त्यांची तीस वर्षं गेली. त्याआधी ते फौजेत होते, ब्रह्मदेशात नद्यांवर पूल बांधत गेले होते, एवढंच मुलीला ठाऊक होतं. त्याबद्दल ते कधी बोलत नसत.

युद्ध संपून पन्नास वर्षं झाली म्हणून मद्रासला जुन्या चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. त्यातलं एक पेन्सिलीचं रेखाटन पेपरात आलं होतं. चिखलातून कूच करणारे सहा शिपाई. खाली छापलं होतं, 'नावं अज्ञात'.

"अज्ञात कसे?" अप्पा कडाडले. "तो गोरा चित्रकार रस्त्याकडेला डब्यावर बसून काढत होता. मी मान वळवली तर हवालदार केवढ्यानं ओरडला! काय काढलं ते आज दिसतंय."

"पण चेहरे नखाएवढे आहेत, अप्पा. कशावरून तुम्ही?"

"तिसऱ्याचा डावा पाय बघ. बूट फाटला म्हणून गोणपाट गुंडाळलं होतं मी. आणि माझ्यामागे मणी. बंदुकीला चहाची किटली अडकवून चालणारा दुसरा कोण होता?"

दुसऱ्याच दिवशी बापलेक मद्रासच्या बसमध्ये बसले. मूळ चित्र वहीच्या पानाएवढंच निघालं. अप्पा त्याच्यासमोर उभे राहिले आणि मोठमोठ्यानं नावं सांगू लागले. माणसं गोळा झाली. प्रदर्शनाच्या व्यवस्थापक कनकलता कागद घेऊन धावल्या.

"सावकाश सांगा, सर! पहिला कोण?"

पाच नावं झाली, गावांसकट. दुसरा माणूस सेलमचा, गाणी म्हणायचा, पण नाव काही केल्या आठवेना. अप्पांनी कपाळावर हात मारून घेतला.

मग त्यांची नजर मणीवर थांबली. पेपरात जे उमटलं नव्हतं ते इथे स्पष्ट होतं. मणी हसत होता. या चित्रानंतर चौथ्या दिवशी पूल बांधताना तो वाहून गेला. त्याच्या घरी त्याचा एकही फोटो नव्हता.

"मला याची प्रत हवी," अप्पा म्हणाले. "माझ्यासाठी नाही."

तीन आठवड्यांनी टपालानं मोठा फोटो आला. अप्पांनी तो उघडला आणि तसेच मणीच्या गावच्या, ओरत्तनाडूच्या बसला पळाले. मणीची धाकटी बहीण कामाक्षी अंगणात भात वाळवत होती. तिनं पदरानं हात पुसून फोटो घेतला, बराच वेळ पाहिला.

"अय्यो, अण्णा एवढा लहान होता?" आता तीच सत्तरीला आली होती. मग ती एकदम हसली, डोळे भरलेले असतानाच. "हसतोय बघा! चिखलातसुद्धा हसतोय!"

फोटो छातीशी धरून ती रस्त्यावर निघाली. "या, तुम्हीही चला." प्रत्येक दारात थांबून ती हाका मारी, आणि प्रत्येक दारात अप्पांना पहिल्यापासून सांगावं लागे. तंजावूरच्या दोन बस निघून गेल्या. अप्पांचं तिकडे लक्षही नव्हतं.