झिपरीपुढची रांग

लहानपणी केसांना फणी लावू द्यायची नाही म्हणून आईने तिला झिपरी म्हणायला सुरुवात केली आणि मोठेपणी ती नेमकी केस कापायच्या धंद्यात पडली. हात असा हलका की तिच्या खुर्चीत एकदा बसलेलं गिऱ्हाईक पुन्हा दुसऱ्या खुर्चीकडे वळायचं नाही. मग पार्लरच्या मागच्या खोलीत एका मैत्रिणीने तिला पन्नीवर हेरॉइन ओढायला शिकवलं. आधी मजा म्हणून, पुढे अंग दुखू नये म्हणून, आणि शेवटी सकाळी नुसतं उठून उभं राहता यावं म्हणून ती ओढत राहिली. खुर्ची गेली, मैत्रिणी पांगल्या. आईवडील आधीच गेले होते, उरला फक्त दादा. त्याने तिला गाडीत घातलं आणि शहराबाहेरच्या व्यसनमुक्ती केंद्रात आणून सोडलं.

सुरुवातीचे दिवस टर्कीत गेले. नशा तुटल्यावर अंग बंड करतं, त्याला तिथे टर्की म्हणतात. हाडं ठणकायची, नाक गळायचं, शिंकांवर शिंका यायच्या. डॉक्टरांच्या औषधाने हळूहळू उतार पडला, भूक परतली, झोपही लागू लागली.

आणि खरी ओढाताण तिथूनच सुरू झाली. एका सकाळी पिशवी भरून ती मोठ्या बाईंसमोर उभी राहिली. केंद्र त्याच चालवायच्या.

"मी ठणठणीत आहे. मला जायचंय."

"दार उघडंच आहे," बाई म्हणाल्या. "तुझ्या दादाला फोन करते. तो येईपर्यंत थांब."

ठणठणीत कसली? उठल्यापासून डोक्यात एकच भुंगा होता, ते मागच्या खोलीतलं सुख. ते तिला माहीत होतं, बाईंनाही.

ती अंगणातल्या बाकावर जाऊन बसली. तेवढ्यात आचारी लगबगीने बाहेर आला. हा गृहस्थ कधीकाळी इथेच उपचाराला आला होता. बरा झाला आणि स्वयंपाकघर सांभाळत इथेच राहिला. खांद्यापर्यंत केस, तेही कसेबसे बांधलेले.

"जायचं तर खुशाल जा," तो म्हणाला, "पण पार्लरात होतीस ना तू, आधी माझं हे जंगल साफ कर. दुपारी माझी मुलगी येतेय."

"तुम्हाला मुलगी आहे?"

"होती, असंच म्हणायचो. इतक्या वर्षांत तिने तोंड पाहिलं नाही माझं. काल फोन आला, येते म्हणाली." त्याने केसांची सुटलेली गाठ पुन्हा आवळली. "मला बघून ती परत फिरायला नको गं."

कात्र्या, वस्तरे बाईंच्या कपाटात कुलपात असायचे. बाईंनी पिशवीकडे पाहिलं, झिपरीकडे पाहिलं, मग कपाट उघडलं आणि स्वतः खुर्ची टाकून शेजारी बसल्या.

पहिली बट तिने जपून, अगदी टोकाशी कापली. मग कात्री कचकच चालू लागली आणि बोटांना जुनी लय सापडली. मान खाली, हनुवटी वर, हलू नका काका. बघता बघता खिडक्यांत माणसं जमली. कुणी आरसा आणला, कुणी इस्त्रीचा शर्ट. आचाऱ्याचे कान उघडे पडले तसा तो खरंच दहा वर्षांनी लहान दिसायला लागला.

"अहो, तुम्हाला चेहरा पण आहे की," कुणीतरी खिडकीतून म्हणालं.

फाटक वाजलं. एक उंच मुलगी आत आली आणि बापासमोर थबकली. आचारी उठायचंही विसरला, टॉवेल गळ्यात तसाच. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुमचे कान माझ्यासारखेच आहेत. मला वाटायचं, माझे कुणावर गेलेत." आणि ती हसत हसत रडायलाच लागली. तोही.

झिपरीच्या छातीत इतकी धडधड होती की तिला वाटलं, सगळ्यांना ऐकू जात असेल. नशेवाचून इतकं उचंबळून येतं, हेच ती विसरून गेली होती.

"पुढचं कोण?" तिने विचारलं.

रांगच लागली. कुणाला दाढी कोरून हवी, कुणाला मान साफ. डोक्यातला भुंगा पुरता गेला नव्हता, पण त्याच्याकडे लक्ष द्यायला तिला सवड कुठे होती? अशातच दादा धापा टाकत पोचला. चेहरा पडलेला.

"चल," तो म्हणाला. "तुला निघायचंय ना?"

"नंबर लाव."

"काय?"

"मागे उभा राहा, दादा. किती दिवसांत केस कापले नाहीस? आणि मी कुठेही जात नाहीये. पूर्ण करूनच येईन."

दादा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. पुढच्या माणसाला हळूच म्हणाला, "बहीण आहे माझी."

उपचार पूर्ण करून ती घरी गेली. नंतर एकदा पाय घसरला. तिने स्वतःच आचाऱ्याला फोन लावला आणि पुन्हा काही आठवडे केंद्रात राहून आली. त्याला आता बरीच वर्षं झाली. आज एका मोठ्या पार्लरात तिची खुर्ची आहे आणि केंद्राच्या बैठकीला जायचं ती चुकवत नाही. घरी दादाशी टीव्हीवरून कचाकचा भांडते. आवाज ऐकून शेजारी विचारतात तेव्हा दादा अभिमानाने सांगतो, "ती आमची झिपरी. आता पूर्वीसारखी भांडते."