साखरेच्या डब्याचं समाजशास्त्र

एका भल्यामोठ्या दुकानाच्या बाहेर पडायच्या दाराशी त्या उभ्या असत आणि गिऱ्हाइकांच्या पिशव्या तपासत. सगळे त्यांना झडतीबाई म्हणत. काय त्यांचा तो रुबाब! पिशवीत हात घालण्याआधी त्या समोरच्याकडे अशा काही बघत, की निर्दोष माणसालाही आपण काहीतरी उचललंच असावं असं वाटू लागे. रंगमंचावर अशी नजर कमवायला नटाची हयात जाते. बाईंना ती पगाराबरोबर मिळाली होती.

पन्नाशी उलटल्यावर बाईंच्या डोक्यात शिकायचं खूळ शिरलं. घरबसल्या पदवी, विषय समाजशास्त्र. ‘माणसं गुन्हा का करतात’ हा धडा आला तेव्हा त्या अशा खुलल्या, जणू धडा लिहिणारा आधी त्यांना विचारून गेला होता. इतकी वर्षं चोर पकडले, पण ते चोरी का करतात हे विचारायचं मात्र राहूनच गेलं होतं.

आणि गुन्हेगार तर घरातच होता. बाईंचे यजमान, निवृत्त बस कंडक्टर. मधुमेह अंगात मुरलेला, डाव्या पायाच्या अंगठ्याला बरी न होणारी जखम, आणि हात कायम साखरेच्या डब्यात. बाईंनी कपाटाला कुलूप लावलं, तर ते त्यांनी बाईंच्याच केसातल्या पिनेने उघडलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, “साखर उतरली नाही, तर पुढच्या खेपेला अंगठा काढावा लागेल.” त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या बाई कठडा धरून उतरल्या.

मग त्यांनी धडा कामाला लावला. एका विद्वानाचं म्हणणं, माणसाला एखादी गोष्ट हवी असते, सरळ वाट बंद असते, म्हणून तो आडवाटेने जातो. बाईंनी सरळ वाट उघडली. सकाळच्या चहात अर्धा चमचा साखर, राजरोस. कंडक्टरसाहेबांनी राजरोस साखर घेतली आणि चोरटीही सोडली नाही.

दुसऱ्या विद्वानाच्या मते गुन्हा माणूस संगतीत शिकतो. साहेबांची बैठक कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे असे, ती बाईंनी बंद केली. तर शिंपीच घरी हजर!

“वहिनी, माझ्यावर आळ नको हो,” तो हात जोडून म्हणाला. “मी साधा माणूस होतो. गोड बिस्किट चहात कसं बुडवायचं, हे मला यांनी शिकवलं.”

संगत कोणाची कोणाला लागली, यावर धड्यात काही नव्हतं.

एकदा जेवताना बाई मोठ्याने वाचत होत्या, “एखाद्याला सारखं चोर म्हटलं, की त्याच्यावर तसा शिक्का बसतो. मग तो शिक्क्याबरहुकूम वागू लागतो.”

सूनबाईने शांतपणे विचारलं, “आई, बाबांना ‘साखरचोर’ हे नाव कोणी ठेवलं हो?”

बाईंनी पुस्तक मिटलं. त्यांनीच लाडाने ठेवलेलं नाव. आता पेपर टाकणाराही खालून त्याच नावाने हाक मारायचा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटाची किल्ली नवऱ्यापुढे धरली. “अहो, आजपासून साखर तुमच्या ताब्यात.”

“आणि मागून झडती?”

“नाही.”

“टोमणे?”

“तेही नाहीत.”

साहेबांनी किल्ली तळहातावर तोलली. आणि काय सांगावं, म्हातारा ताठ झाला! किल्ली गळ्यात आली आणि गेलेली नोकरी अंगात संचारली.

“एका कपाला एक चमचा,” त्यांनी जाहीर केलं. सूनबाईने दीड मागितला, तर म्हणाले, “अर्धं तिकीट फक्त लहान मुलांना.” स्वतः मात्र डब्याला शिवेनात. शिंप्याने खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, “कंडक्टरच फुकट हिंडायला लागला तर उतारूंना काय तोंड दाखवायचं?”

एका दुपारी बाई दमून आल्या. साहेबांचा डोळा लागला होता. त्यांच्या गळ्यातली किल्ली हलकेच काढून बाईंनी कपाट उघडलं, चहाला चिमूटभर जास्तीची साखर घेतली.

“मूठ उघड,” साहेब डोळे न उघडताच म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा झडतीबाईंची झडती झाली. सूनबाई हसून हसून खाली बसली.

पण पुढच्या खेपेला दवाखान्यात कोणी हसत नव्हतं. डॉक्टर पट्टी सोडत होते, एकेक वेढा, आणि बाई भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे टक लावून बघत होत्या.

“जखम भरतेय,” डॉक्टर म्हणाले. “साखरही उतरलीय. अंगठा राहतो. काय केलंत?”

“त्याचं असं आहे,” बाईंनी सुरुवात केली, “समाजशास्त्रात एक...”

“हिने मला चोर म्हणायचं सोडलं, डॉक्टर,” साहेब म्हणाले. “घर कसं सुनंसुनं वाटायला लागलं. म्हणून म्हटलं, निदान किल्ली तरी सांभाळू.”

खाली वाकून बाईंनी नवऱ्याच्या पायात बूट चढवला, नाडी बांधायला घेतली.

“जरा सैल गं,” साहेब म्हणाले. “अंगठा आहे अजून आत.”