काळ्या गोळ्यांविना तीन शनिवार

आमच्या शाळेच्या नर्सबाई इर्मेली कुयानसू यांनी म्हणे शहरातल्या इस्पितळात एका मुलाचा जीव घेतला, म्हणून त्यांना इथं वर, उत्तरेच्या बर्फात हाकललं. आमच्याकडे पहिलीतलं पोरही हे सांगतं. मीही सांगायचो, आणि वर त्यांचा तो घोगरा आवाज काढायचो : "पाय जमिनीला. पाठ खुर्चीला. तोंड बंद. पाच मिनिटं." जेवणघरात पोरं ताटातले बटाटे सांडेस्तोवर हसायची.

खरं असं की तो मुलगा त्यांचा धाकटा भाऊ होता. अकरा वर्षांचा. डोकं दुखायचं, नाकातून रक्त यायचं; डॉक्टर म्हणायचे, वाढीचं वय आहे. एवढ्याशा पोराच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघावा, हे कुणाला सुचलंच नाही. बाई तेव्हा चौदाच्या. त्यांनी इस्पितळ पाहिलं ते बाहेरच्या बाकावरून.

हे मला कळलं ते माझ्या बहिणीमुळं. हेल्का नऊ वर्षांची. जानेवारीत शाळेच्या तपासणीत बाईंनी खणातून लहान मापाचा पट्टा काढला, तिच्या दंडाला तीनदा बांधला, मग पायालाही बांधला. वरचा आकडा एकशे बेचाळीस.

"हा तर आजोबांचा आकडा!" मी दारातून म्हणालो.

त्या हसल्या नाहीत.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मात्र लगेच ओळखलं. "शनिवारी काय खातेस गं?" आमच्याकडे पोरांना गोडधोड मिळतं ते शनिवारीच. हेल्का सगळे पैसे सल्मियाक्कीवर उडवायची, आणि उरलेले सहा दिवस आजोबांच्या खिशातून त्याच काळ्या खारट गोळ्या निघायच्या. "त्यात ज्येष्ठमध असतो, त्यानं दाब चढतो. बंद करा. तीन आठवड्यांनी बघू." घरी आल्यावर आजोबांनी सुटकेनं दुसऱ्यांदा कॉफी ओतली.

बाईंनी आईला फक्त एवढं विचारलं, "तान्ही असताना ताप यायचे?"

"दातांचे हो. सारखे."

"लघवी तपासली होती?"

"अहो, दातांसाठी लघवी कोण तपासतं?"

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. मला ते लिहून घेणं सोसेना. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीत जाऊन मी म्हणालो, "गोळ्यांचंच आहे. लावा पैज."

"आणि हरलास तर, पोपटा?"

"तुम्ही म्हणाल ते. जिंकलो तर भर जेवणघरात तुमच्यासमोर तुमचा आवाज काढणार. टाळ्या वाजवायच्या."

"उभी राहून वाजवीन," त्या म्हणाल्या. "तूच जिंकावंस रे." आणि मग पट्ट्याची गुंडाळी करत भावाचं सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं.

तीन शनिवार गेले. आकडा एकशे चव्वेचाळीस.

"आजोबांनी चोरून दिल्या असणार!" मी घरी ओरडलो. आजोबा खाली मान घालून बसले. दिल्या होत्या त्यांनी. मला तर नाचावंसं वाटलं. तेवढ्यात हेल्कानं पलंगाखालून जॅमची बरणी आणली. आजोबांनी दिलेली एकूण एक गोळी तिच्यात होती.

"मी एकपण नाही खाल्ली," ती म्हणाली. "खरंच. मोजा."

कुणी मोजल्या नाहीत.

सोनोग्राफीत डावी किडनी अक्रोडाएवढी आक्रसलेली दिसली, उजवीवर व्रण. किडन्या अशा बिघडल्या की दाब चढतो. ते ताप दातांचे नव्हतेच. लघवी उलटी वर चढत होती, जंतू किडन्या खात होते, आणि आम्ही घरी हिरड्या चोळत होतो. तेव्हापासून आई हेल्काशी बोलते ती भांड्यांकडे बघत. उजवी किती वर्षं टिकेल, हे डॉक्टर सांगत नाहीत.

बाई घरी आल्या आणि लहान पट्टा टेबलावर ठेवला.

"हरलास. आता सकाळ-संध्याकाळ तू मोजायचं. तिला पट्ट्याची भीती वाटते, तेव्हा माझ्या आवाजात मोज. येतोच तुला."

पहिल्या दिवशी हेल्का खुदकन हसली, त्यामुळं आकडा चुकला आणि पट्टा परत बांधावा लागला. हल्ली हसत नाही. पाय जमिनीला, पाठ खुर्चीला, तोंड बंद, पाच मिनिटं. आज सकाळी औषध घेऊनही एकशे चौतीस.