पडले नाहीत, उतरले

वॉर्डात तिला सगळे 'तोफ' म्हणत. तोंडावर मावशी, पाठीमागे तोफ. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. एकवीस वर्षं काढली होती तिने त्या दवाखान्यात. चादरी बदलायच्या, अंग पुसायचं, भांडं द्यायचं, कूस वळवायची, हे तिचं काम. कुणी विचारलेलं नसताना मत देणं हा तिचा छंद.

वॉर्डही साधासुधा नव्हता. ज्यांना बरं करायचं औषध संपलंय, पण दुखणं कमी करायचं औषध बाकी आहे, अशांचा तो वॉर्ड. आठ पलंग. भेटायला येणारी माणसं दारातूनच आवाज खाली करून आत यायची, आणि तोफेचा पारा चढायचा. "अहो, जिवंत आहेत ना अजून! जरा मोठ्याने बोला, त्यांनाही ऐकू द्या," असं ती भर वॉर्डात सुनवायची.

पाच नंबरवर गादीवाले काका आले तेव्हा पहिल्या दिवशीच तिला हसू फुटलं. हाडाचा सापळा झालेला माणूस, आजार मणक्यात पसरलेला, आणि पलंगावर ठेवल्या ठेवल्या त्याने काय केलं, तर गादी चिमटीत धरून दाबून पाहिली. रेक्झिनची, आत स्पंज असलेली गादी. काकांनी नाक मुरडलं. पन्नास वर्षं कापूस पिंजून, खोळीत भरून, हातभर दाभणाने टाके घातलेला माणूस तो. त्याला कोण फसवणार?

"कशी आहे गादी, काका?"

"बरं आहे," काका म्हणाले.

हे 'बरं आहे' म्हणजे काकांचा पेटंट शब्द निघाला. डॉक्टरांनी विचारलं दुखतंय का, बरं आहे. समुपदेशनवाल्या बाई आल्या. त्यांच्याकडे छापील कागद होता, त्यावर अठरा प्रश्न: तुमची श्रद्धा काय, खाणंपिणं काय, कशाची भीती वाटते, कुणाशी बोलावंसं वाटतं. बाई बिचाऱ्या मनापासून विचारत होत्या. काकांनी अठराही प्रश्नांना 'बरं आहे' म्हणून त्यांना वाटेला लावलं. गिऱ्हाइकापुढे तक्रार करायची नाही, ही सवय मुरलेली. अंगावर कोट, हातात कागद असलेला कुणीही आला, की काकांच्या लेखी तो गिऱ्हाईक.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर काका पलंगाखाली फरशीवर सापडले. धावाधाव झाली. चौघांनी उचलून वर ठेवलं आणि इन्चार्ज सिस्टरनी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'रुग्ण पलंगावरून पडले.' पलंगाचे कठडे वर केले. दुसऱ्या दिवशी दुपारी काका पुन्हा खाली. पुन्हा नोंद, 'पडले.' पाचव्या दिवशी तिसऱ्यांदा.

तीनदा पडलेल्या पेशंटसाठी नियम होता. हात मऊ पट्टीने कठड्याला बांधायचे आणि गुंगीचं इंजेक्शन द्यायचं. इन्चार्ज सिस्टर दुष्ट नव्हत्या बरं का. दोन वर्षांपूर्वी एक आजी खरोखरच पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि चौकशीत सिस्टरना सहा महिने उत्तरं देत बसावं लागलं. तेव्हापासून त्यांनी ताकही फुंकून प्यायला सुरुवात केली होती.

"मावशी, पट्टी आणा. पाच नंबरचे हात बांधायचेत."

मावशी पट्टी घेऊन गेली. काकांजवळ वाकली आणि थांबली. फरशीवर काका जिथे सापडले होते ती जागा अजून आवरलेली नव्हती. तिथे चादर होती, चार पदरी, कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घातलेली. उशी होती, भिंतीकडच्या बाजूला. चपला पायथ्याशी, शेजारी शेजारी ठेवलेल्या.

हातच्या काकणाला आरसा कशाला? तिने पट्टी खिशात कोंबली आणि तिथेच फरशीवर बसकण मारली.

"काका, मघाशी तुम्ही पडलात?"

"बरं आहे."

"बरं आहे गेलं खड्ड्यात. वर काय बघताय? मी इथे खाली बसलेय. पडलात की उतरलात?"

काकांनी मान वळवली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या नजरेच्या खाली बसलं होतं. गिऱ्हाईक काही असं खाली बसत नाही.

"उतरलो, ताई. पायथ्याकडून सरकत," ते हळूच म्हणाले. "मला वर झोप लागत नाही. स्पंजात कंबर बुडते, मणक्यात कळा येतात. जन्मभर चटईवर पाठ टेकलेली. लोकांच्या गाद्या भरल्या, स्वतः कधी झोपलो नाही." मग दम घेत म्हणाले, "पलंगावर बसतं ते गिऱ्हाईक. कारागीर खाली. मला गिऱ्हाईक होऊन मरायचं नाही. आणि हात बांधू नका गं. हात बांधले तर मी कोण राहिलो?"

हे सगळं मावशीने आधी पाहिलं होतं. तिचा नवरा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. शेवटच्या आजारात दुसऱ्या एका दवाखान्यात त्यालाही असंच बांधलं होतं, 'फार वळवळ करतो' म्हणून. ती तेव्हा पलंगाशी गप्प उभी. डॉक्टरांना कळतं, आपण अडाणी, असं म्हणत उभी. तो डोळ्यांनी तिला काहीतरी सांगत होता. तो गेल्यावर आठव्या दिवशी घरात अंथरूण घालताना तिच्या टाळक्यात प्रकाश पडला. तो जन्मभर डाव्या कुशीवर झोपायचा. त्याला फक्त कूस वळायची होती! अख्ख्या दवाखान्यात हे एकट्या तिला माहीत होतं, आणि तिने तोंडात मिठाची गुळणी धरली होती. तोफ जन्मली ती त्या दिवशी.

ती उठली आणि सरळ सिस्टरांच्या टेबलाशी गेली. पट्टी टेबलावर ठेवली. "मी बांधणार नाही."

"काय?"

"काका पडले नाहीत. उतरले. पडणारा माणूस उशी बरोबर घेऊन पडतो का, सिस्टर? चादरीची घडी घालून पडतो? चपला जोडून ठेवतो? पाठ दुखते म्हणून माणूस खाली जातो आणि आपण बांधतो त्याचे हात. जखम मांडीला आणि मलम शेंडीला!"

"मावशी, आवाज खाली. ऑर्डर आहे."

"असू दे. मी बांधणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला बांधूही देणार नाही."

संध्याकाळपर्यंत तिच्या हातात मेमो पडला. आदेश न पाळल्याबद्दल आठ दिवसांत लेखी खुलासा द्यावा. पुढच्याच महिन्यात तिचं कंत्राट संपत होतं. घरी लेक म्हणाली, "आई, कशाला नसती उठाठेव? माफी माग आणि मोकळी हो." मावशीने मेमो डब्याखाली ठेवला आणि भाकऱ्या थापायला घेतल्या. माफीचं नावच काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या डॉक्टरांचा राऊंड. आधीच्या संध्याकाळी सिस्टरनी गुंगीचं इंजेक्शन भरून ठेवलं होतं, पण दिलं नव्हतं. त्यांच्याही मनात कुठेतरी ती उशी रुतली असावी. काकांचा मुलगाही आला होता, कारकुनी नोकरीतला, इस्त्रीच्या शर्टातला. मावशीने डॉक्टरांची वाट अडवली आणि सगळं सांगितलं. गादी खाली घाला, एवढंच मागितलं.

भडकला तो मुलगा. "माझ्या बापाला जमिनीवर टाकता? आयुष्य फरशीवर गेलं त्यांचं! लोकांच्या बंगल्यांत दारापाशी बसून गाद्या भरल्या. निदान शेवटी तरी त्यांना पलंग मिळू दे, एवढ्यासाठी मी इथे आणलं. उद्या चार माणसं बघायला आली तर काय म्हणतील? मुलाने बाप खाली टाकला म्हणतील!"

मावशीला त्याची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. "बाळा," ती म्हणाली, "पलंग तुझा मान आहे. त्यांचा नाही. त्यांना विचारलंस का कधी?"

"बाबा सांगतात ना, बरं आहे म्हणून!"

"ते उभ्या माणसाला तेच सांगतात. खाली बसून विचार."

मुलगा डॉक्टरांकडे बघायला लागला. डॉक्टर सिस्टरांकडे. सिस्टर म्हणाल्या, "सर, परत पडले तर जबाबदार कोण?"

"सिस्टर," मावशी म्हणाली, "जमिनीवरून पडलेला माणूस आजवर बघितलाय तुम्ही?"

तीन नंबरच्या आजोबांना हसू आवरेना. खोकल्याची उबळ येईपर्यंत हसले. डॉक्टरांनीही ओठ चावला. मग ते म्हणाले, "खाली ओल असते, सलाईन लावायला, साफ करायला सगळ्यांना वाकावं लागेल..."

"वाकायचंय ते मला. माझी कंबर मी बघेन."

तेवढ्यात मुलगा खाली बसला. इस्त्रीची पँट सावरत, अवघडून, पण बसला. "बाबा, तुम्हाला कुठे झोपायचंय?" असं त्याने विचारलं, तेव्हा त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. काकांनी कठड्यातून हात बाहेर काढला आणि बोटाने फरशी दाखवली.

मुलगा ढसाढसा रडला. अर्ध्या तासात पलंग भिंतीला गेला. फरशीवर आधी प्लास्टिक, त्यावर दोन सतरंज्या, त्यावर मुलाने घरून आणलेली काकांचीच जुनी चटई. काकांना खाली ठेवलं, त्यांनी पाठ टेकली आणि "हां" म्हणाले. फक्त "हां". त्या दुपारी ते तीन तास गाढ झोपले, गुंगीच्या इंजेक्शनाशिवाय. दुखण्याचं औषध चालूच होतं, पण डॉक्टरांना ते वाढवावं लागलं नाही.

पुढचे पाच दिवस पाच नंबर म्हणजे दुकान झालं. काका बोलायला लागले. डॉक्टरांनाही आता खाली बसावं लागे, आणि खाली बसलेल्या माणसाशी काका खरं बोलत: रात्री दुखतं, मरणाची भीती नाही, पण मुलाच्या मनात अढी राहील याची आहे. मुलगा रोज कचेरीतून येऊन शेजारी मांडी घालायचा. पहिल्या दिवशी पायाला मुंग्या आल्या, तिसऱ्या दिवशी सवय झाली. बापलेक काय काय बोलले ते मावशीने ऐकलं नाही. तेवढी अक्कल तोफेलाही होती.

चौथ्या दिवशी काकांनी मुलाकडून कापूस, कापडाचा तुकडा आणि दाभण मागवलं. हात थरथरत होते. मुलाने कापड ताणून धरलं, काकांनी टाके घातले. दोन दिवस लागले. झाली ती ताटाएवढी, बसायची गादी. एक बाजू फुगीर, एक बसकी.

"घे," ते मावशीला म्हणाले. "फरशी गार असते. किती वेळ बसतेस माझ्यापाशी." मग गादी दाबून बघत खट्याळ हसले. "टाके वाकडे पडलेत. गिऱ्हाइकाला दिली नसती."

खाली आल्याच्या सातव्या दिवशी सकाळी, अंग पुसून झाल्यावर, काका गेले. चटईवर, उजव्या हातात मुलाचा हात. दोन्ही हात मोकळे होते. मावशीने ते मुद्दाम पाहिलं आणि मग पदर तोंडात धरला.

दुपारी इन्चार्ज सिस्टरनी तिला बोलावलं. सिस्टरांचे डोळे लाल होते. ड्रॉवरमधून त्यांनी मेमोची प्रत काढली. "मावशी, उद्या आठवा दिवस. मी बोललेय सरांशी. हे फाडून टाकते. झालं गेलं विसरून जा."

"फाडू नका."

"अहो, तुमच्या भल्यासाठीच..."

"माहितीये. पण तुम्ही फाडलंत, तर रजिस्टरात काय राहील? काका तीनदा पडले, एवढंच. पुढच्या काकांना पुन्हा बांधतील. मला खुलासा मागितलाय ना? मी देणार खुलासा. कागद द्या."

काकांची गादी तिने खुर्चीजवळ फरशीवर टाकली, बसली, आणि खुर्चीची बैठक पाटीसारखी पुढ्यात घेतली. सातवीपर्यंतचं शिक्षण, अक्षर मोठं मोठं. सिस्टर वरून बघत राहिल्या, मग कुणी न सांगता खाली, तिच्या शेजारी येऊन बसल्या. मावशीने लिहिलं:

'पाच नंबरचे काका पडले नाहीत. उतरले. तिन्ही वेळा. मी त्यांना बांधलं नाही. चूक झाली नाही, म्हणून माफी मागत नाही. पुन्हा सांगितलं तरी बांधणार नाही. आधी विचारीन.'

खाली सही केली. मग पेन सिस्टरांच्या हातात दिलं आणि रजिस्टर पुढ्यात सरकवलं. "आता तुम्ही. तिन्ही ठिकाणी."

सिस्टरनी पहिल्या नोंदीचं पान उघडलं, 'पडले'वर रेघ मारली, आणि वर लिहिलं, 'उतरले.'