नैरोबीतली मी

या सदरातले अनुभव मी आजवर हसू दाबत वाचत आले. सटाण्याच्या शाळेत आम्हाला विज्ञानाचे एक सर होते. ते म्हणायचे, "डोळ्यांनी दिसलं तरी दोनदा तपासा." त्या सरांमुळे, आणि वडिलांनी दुसऱ्यांच्या शेतात राबून शिकवलं म्हणून, मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. बी.एस्सी., बी.एड. करून नाशिकला विज्ञान शिकवू लागले. दृष्ट, भानामती, अंगात येणं... यातलं काही मानलं नाही, आजही मानत नाही. तरी लिहिते आहे, कारण ही एक गोष्ट तपासून तपासून मी थकले.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. गंगापूर रोडला दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो — मी, आमचे हे आणि सासूबाई. ह्यांचे मोठे भाऊ नैरोबीत नोकरीला होते. त्यांनी फार आग्रह केला, दिवाळीच्या सुट्टीत दोघंही फिरायला या. मी तोवर मुंबईसुद्धा कॉलेजच्या सहलीत एकदाच पाहिलेली! रोज संध्याकाळी नकाशाचं पुस्तक काढून केनियावर बोट ठेवून बसायचे. वर्गात विषुववृत्त शिकवताना मुलींना सांगूनही टाकलं, "मी ते ओलांडून येणार आहे बरं का."

आणि निघायच्या तोंडावर मला कांजिण्या झाल्या. वर्गातल्या मुलींकडूनच आल्या असणार.

"देवी आल्यात घरात," सासूबाई म्हणाल्या. त्या निफाडकडच्या. "आता उंबरा वलांडायचा नाय. इमानात बसून समद्यांना वाटत जातीस का?"

माझं तिकीट रद्द झालं. हे म्हणाले, "मग मीही राहतो, सुमन." पण बोलताना नजर कोपऱ्यातल्या बॅगेवर होती. मीच म्हणाले, "जा." ते गेले, आणि मी मागच्या खोलीत कडुनिंबाचा पाला उशाशी घेऊन पडून राहिले. अंगाची आग व्हायची. खरं सांगते, ती पुरळाची कमी आणि हेव्याची जास्त होती. आता ते बाजारात असतील, आता सिंह बघत असतील... दुसरा विचार नव्हता.

हे परत आले ते नवीन माणूस होऊन. एरवी चार शब्दांत आटपणारा माणूस, पण घरी कुणी आलं की नैरोबी सुरू. रस्त्याच्या दुतर्फा जांभळ्या फुलांची झाडं, खाली जांभळाच सडा. गाणी लावून पळणाऱ्या मटाटू गाड्या, आणि दाराला लटकून गिऱ्हाईक ओढणारे त्यांचे कंडक्टर. गावाबाहेर पडलं की झेब्रे. विषुववृत्ताजवळ असूनही संध्याकाळी स्वेटर लागतो म्हणे. मी चहा करता करता ऐकायचे, आणि साखर जरा जोरातच ढवळायचे.

एकदा शेजारच्या पाटीलकाकू आल्या होत्या. हे रंगात आलेले — "तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर बायका निखाऱ्यावर कणसं भाजतात. वर लिंबू-तिखट. सुमननं तर दोन खाल्ली, आणि तिखट लागलं म्हणून भर रस्त्यात नाचायला लागली!"

पाटीलकाकू हसल्या. "अहो, सुमन तर इथे कांजिण्या घेऊन पडली होती! कुणाला नाचवून आलात?"

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. थट्टा म्हणून काकूंनी सोडून दिलं. मी सोडलं नाही. काकू गेल्यावर दार लावलं आणि विचारलं, "कोण होती?"

"कुणी नव्हतं गं. मी एकटाच होतो."

"कणसं कुणी खाल्ली मग?"

ते कॉटवर बसले आणि म्हणाले, "तू घरी होतीस हे मला माहीत आहे. विमानात माझ्या शेजारी एक म्हातारे सरदारजी होते, तेही माहीत आहे. पण आठवायला गेलं की तू असतेस. बाजारात तुझी चप्पल तुटली. तू दोन्ही चपला हातात घेऊन अनवाणी चाललीस आणि हसत सुटलीस. मी काय करू?"

तुम्ही विश्वास ठेवला असता? मी नाही ठेवला. शर्टांचे वास घेतले, खिसे पाहिले. काही सापडलं नाही, तर वाटलं पुरावा लपवण्यात हुशार झालेत. बोलणं कामापुरतं उरलं. ते नैरोबीचं नाव काढेनासे झाले, याचा मला आनंद झाला आणि संशयही आला. सुट्टी लागली की माहेरी निघून जावं आणि परत येऊ नये, इथपर्यंत माझं मन गेलं होतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, जायचं ठरवलंही होतं. पण त्याच वेळी मोठे दीर आणि नलूताई — माझी मोठी जाऊ — भारतात आले आणि नाशिकला उतरले. नलूताई मूळच्या पुण्याच्या. आमच्या लग्नानंतर त्यांची-माझी गाठ पडली नव्हती. आल्या आल्या त्यांनी मला अशी मिठी मारली, की मी अवघडून उभीच राहिले.

सणाच्या सकाळी त्या कुंभाराकडून खापर घेऊन आल्या. म्हणाल्या, "आज मांडे मी करणार."

आमच्या सटाण्याकडे, बागलाणात, पुरणाचे मांडे खापरावर भाजतात, हे सगळ्यांना ठाऊक नसेल. खापर म्हणजे मोठं मडकं. ते चुलीवर पालथं घालायचं. पुरण भरलेली पोळी हातांवर घेऊन, फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायची आणि अलगद त्यावर टाकायची. मी हे आईकडून शिकले, पण सासरी एकदाही केलं नव्हतं. सासूबाईंना पोळपाटावरचीच पुरणपोळी लागायची, आणि घरात खापरही नव्हतं. मला मांडे येतात हे ह्यांनासुद्धा माहीत नव्हतं.

अंगणात चूल मांडली. नलूताईंनी पोळी उचलली... डाव्या हातावर. सगळ्या बायका उजव्यावरून सुरुवात करतात. आमची आई डावखुरी, म्हणून तिची आणि तिच्याकडून माझी डावीकडून. नलूताई डावखुऱ्या नाहीत. पोळी मोठी होत होत कोपराशी आली, आणि नलूताई सुरात म्हणाल्या, "हात फिराव माय, पोयी आपोआप फिरस."

माझ्या हातातलं पुरणाचं पातेलं खाली पडलं. ते शब्द आईचे. आई अहिराणी बोलायची. तिला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"अगं तूच की!" त्या हसल्या. "नैरोबीला. बाजारातून मडकं आणलंस, परसात चूल घातलीस. माझी पहिली पोळी फाटली तर किती हसली होतीस..."

बोलता बोलता त्या थांबल्या. मांडा खापरावर करपायला लागला.

"सुमन," त्या हळूच म्हणाल्या, "तू आलीच नव्हतीस ना?"

"नाही."

"हो. भाऊजी एकटेच आले होते. बिछानाही एकच घातला होता मी." त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "मग हे मला कुणी शिकवलं?"

धूर पाहून हे बाहेर आले होते. दारातूनच म्हणाले, "आणि वहिनी, मडकं आणताना तिची चप्पल..."

"तुटली होती," नलूताई म्हणाल्या. "अनवाणी आली घरी. पाय लाल मातीने माखलेले. हसत होती."

मला हायसं वाटायला हवं होतं. दुसरी कुणी बाई नव्हती, माझा संसार शाबूत होता. आखाजीला माहेरी जाऊन न परतण्याचा विचार तिथेच चुलीत गेला. पण ती दोघं एकमेकांकडे बघत एकेक आठवण काढत होती, दोघांच्या चेहऱ्यावर तो जांभळा रस्ता उमटला होता... आणि मी करपलेला मांडा खरवडत बसले होते.

निघताना नलूताईंनी माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाल्या, "तिकडे किती मोकळी असायचीस गं. इथे हसतच नाहीस फारशी."

संध्याकाळी हे म्हणाले, "पुढच्या दिवाळीला आपण पुन्हा जाऊ."

"तुम्ही पुन्हा जाल," मी म्हटलं. "मी पहिल्यांदा."

गेलो नाही. आधी मुलगी झाली, मग दीर तिथली नोकरी सोडून आले.

विज्ञान शिकवण्यात माझा जन्म गेला, तरी याचं उत्तर मिळालं नाही. डॉक्टर असलेल्या एका विद्यार्थिनीला विचारलं, तर म्हणाली, "बाई, तापात भास होतात." पण ताप मला होता. आठवण त्यांना कशी?

मला विचाराल, तर भीती तेव्हाही वाटली नाही, आताही वाटत नाही. हेवा वाटतो. माझ्या नवऱ्याबरोबर ती शहरभर फिरली, माझ्या आईचे शब्द तिथे बोलली, पोटभर हसली. ती मीच असेन, तर त्यातलं एक कणीससुद्धा मला का आठवत नाही?