केळीवाल्या डॉक्टरीणबाई

डॉ. चारुलता भंगाळे जळगावात तोंडाच्या कॅन्सरची ऑपरेशनं करतात. घर पिंप्राळ्यात, माहेर रावेरला आणि जगभरातली कीर्ती एका चुकीवर उभी. चूक त्यांनीच केली, त्यांनीच पकडली. ती चूक आहे हे ऐकायला मात्र कोणी तयार होईना.

झालं असं, की हॉस्पिटलात येणाऱ्या पेशंटांची त्यांनी तालुकावार मोजणी केली. चाळीसगावकडून तोंडाचे कॅन्सर येत होते तितके रावेरकडून येत नव्हते. गुटखा तर दोन्हीकडे सारखाच खपत होता. मग फरक कशाचा? रावेर म्हणजे केळीचा मुलूख, आणि ही केळी पिकवणाऱ्याची लेक, तिला दुसरं काय सुचणार! केळीत कॅन्सर रोखणारं काहीतरी असावं, असं त्यांनी जपून लिहिलं. त्यातलं 'असावं' कोणी वाचलंच नाही.

पेपर परदेशी जर्नलात छापून आला आणि सायटेशनचा पूर लोटला, म्हणजे दुसरे संशोधक आपापल्या पेपरात ह्या पेपराचा हवाला द्यायला लागले. केरळातून, ब्राझीलमधून, फिलिपिन्समधून. जिथे केळी पिकते तिथे तिचं भलं सिद्ध करायला टपलेला एखादा प्राध्यापक असतोच. रावेरात वडिलांनी, जीवराम आबांनी, स्टेशन रोडला फ्लेक्स लावला : 'केळीने केला कॅन्सरचा पराभव'. त्यावर लेकीपेक्षा आबांचाच फोटो मोठा होता.

मग रावेरातल्याच एका लग्नात तिथले तोताराममामा भेटले. पंगत वरण-बट्टी हाणत होती आणि मामा नुसतं वरण चमच्याने ओठांतून आत सोडत होते.

"मामा, तोंड उघडा बरं."

मामांचं तोंड जेमतेम बोटभर उघडलं. आत पांढरा चट्टा आणि शेजारी जखम.

"कुठे दाखवलं की नाही?"

"बऱ्हाणपूरले दाखवलं. ते म्हनतात इंदूरले जा."

"आणि जळगावला? मी काय मेले होते?"

"जळगावले कोन जाते वं माय? आपल्याकडचे समदे तिकडंच जातात. इंदूरची बस दारातून हाये."

चारुलताबाईंचा घास हातातच राहिला. रावेरात कॅन्सर कमी नव्हताच. तो फक्त दुसऱ्या बसने जात होता.

मामांना त्यांनी लग्नघरातूनच गाडीत घातलं आणि जळगावला आणून ऑपरेशन केलं. मामा वाचले, गुटखा सुटल्याचं दुःख मात्र अजून सांगतात. नंतर बाई स्वतः बऱ्हाणपूर आणि इंदूरला गेल्या, तिथल्या रावेरच्या पेशंटांची नोंद घेतली. बेरीज केली तर रावेर चाळीसगावच्या बरोबरीला येऊन बसलं. त्यांनी नवा पेपर लिहिला आणि पहिला मागे घ्या म्हणून जर्नलाला कळवलं. जर्नल म्हणालं, विचार करू; आणि नव्या पेपरात नवीन काही नाही. शेवटी तो एका लहान जर्नलात आला. कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. पहिल्याचा आकडा मात्र फुगतच होता.

कॉलेजात प्रोफेसरपदाच्या मुलाखतीतही त्यांनी सांगून पाहिलं, की आपल्या नावावरची बहुतेक सायटेशनं चुकीच्या पेपराची आहेत.

"मॅडम, आकड्यात चूक-बरोबर नसतं," प्राचार्य म्हणाले. "लहान-मोठं असतं."

त्यांना पद मिळालं आणि त्यांनी ते घेतलं. इतक्या सोवळ्या त्या नव्हत्या.

मागच्या वर्षी धुळ्याला परिषद होती. अनुज नावाचा एक तरुण लेक्चरर तोच केळीचा पेपर पडद्यावर दाखवत होता. बाई उठल्या.

"हा निष्कर्ष चुकीचा आहे."

"मॅडम, आपण मूळ पेपर वाचलाय का?"

"मी लिहिलाय."

हॉल हसला. अनुज लाल झाला, पण पोरगा सरळ होता. त्याने नवा पेपर मागून घेतला, रात्री वाचला आणि आपल्या लेखात घातला. दुसऱ्या पेपराला मिळालेलं ते पहिलंच सायटेशन. वाक्य असं होतं : 'भंगाळे यांच्या या मताशी भंगाळे सहमत नाहीत.'

बाईंनी ते फोनवरून आबांना वाचून दाखवलं.

"दोन्ही भंगाळेच ना?" ते म्हणाले. "मंग बांधाचंच भांडन असंल."