फॉर्मने विचारलेलं नाव

मला एक सांगा, अमेरिकन सिटिझनशिपच्या बाबतीत विश्वास कुणावर ठेवायचा? फी घेऊन बोलणाऱ्या वकिलावर, की ज्याचा मेव्हणा गेल्याच महिन्यात शपथ घेऊन आला त्याच्यावर? आमच्या अर्विंग गावातल्या किराणा दुकानात मेव्हणेवाल्यांचंच चालतं. तांदळाच्या गोण्यांशेजारी मी एक टेबल आणि चहाचा थर्मास ठेवलाय. माणूस चहाला टेकला की बोलतो, आणि बोलता बोलता सामान जरा जास्तच घेतो. हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलेलं नाही. ग्रीन कार्डवाल्यांचे किस्से त्या टेबलावर असे साचतात, की गोण्या संपतात, किस्से संपत नाहीत.

*

आमचा मंदार. मूळ पुण्याचा, नोकरी इथे जवळच, प्लेनो गावात. त्याच्या वेळी फॉर्ममध्ये विचारायचे, आजवर कुठकुठल्या संस्थांचे मेंबर होतात? आता हे पुणेकराला विचारायचं असतं का? सोसायटीची कमिटी, गणपती मंडळ, ट्रेकिंगचा ग्रुप, वाचनालय, हास्यक्लब. पठ्ठ्याने जास्तीचा कागद जोडला!

इंटरव्ह्यूत ऑफिसर हास्यक्लबवर अडला. तिथे नक्की काय करता? मंदार म्हणाला, सकाळी बागेत जमून हसतो. कशावर?

"कशावर असं नाही सर, नुसतंच."

ऑफिसरने पुढचा प्रश्न घेतला. मंदार पास झाला. तेव्हापासून तो आमच्या टेबलावरचा तज्ज्ञ.

*

सिटिझनशिपच्या परीक्षेचे प्रश्न मी काउंटरवर चिकटवले होते. बरोबर उत्तराला कोथिंबिरीची जुडी फुकट. कोथिंबिरीत मार खाल्ला, पण जुडीसाठी आलेला माणूस डाळ-पोहे घेऊनच बाहेर पडायचा.

सगळ्यात जास्त जुड्या नेल्या त्या नागपूरच्या बोरकर काकूंनी. काका रिटायर्ड इंजिनियर. दोघं इथे मुलाकडे राहतात, दोघांचाही सिटिझनशिपचा अर्ज करायचा होता. काउंटरवर काका प्रश्नाची पार्श्वभूमी समजावायला लागत, तोवर काकू उत्तर देऊन जुडी पिशवीत टाकत.

*

त्यांचे फॉर्म आमच्या टेबलावरच भरले. लॅपटॉपवर मंदार. काकूंच्या फॉर्ममध्ये प्रश्न आला, याआधीची नावं? काकूंचं माहेरचं नाव द्वारका. लग्नात काकांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'माधुरी' लिहिलं आणि द्वारका तिथेच संपली. पुढचा प्रश्न, नाव बदलायचंय का? मंदार सवयीने 'नाही'वर टिक करणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "थांब. हो कर. द्वारका लिही."

मंदारने परोपरीने समजावलं. नाव बदलायचं तर शपथ जजसमोर घ्यावी लागते, त्याला उशीर लागू शकतो, मग बँक, लायसन्स, सगळीकडे जुळवत बसायचं. मेव्हणेवाल्यांनीही माना डोलावल्या. काकांनी कप खाली ठेवला.

"अगं, इतक्या वर्षांत तू कधी तक्रार केली नाहीस."

"इतक्या वर्षांत मला कुणी विचारलं नाही," काकू म्हणाल्या. "या फॉर्मने विचारलं."

मंदारने मुकाट्याने 'हो' केलं.

*

काकांचा इंटरव्ह्यू आधी झाला. राज्यघटना, सिनेट, युद्धं, सगळी उत्तरं तोंडपाठ. मग ऑफिसरने सहज विचारलं, बायकोचं नाव काय? काका गप्प! ऑफिसरने पेन खाली ठेवलं. बायकोचं नाव न सांगता येणारा नवरा म्हणजे त्यांच्या लेखी काहीतरी गडबड. शेवटी काकांनी खिडकीकडे बघत नाव घेतलं.

हे काकांनीच आम्हाला सांगितलं. घरात त्यांचं 'अगं', 'ऐकलंस का' एवढ्यावर भागतं. लग्नात उखाण्यात 'माधुरी' म्हणाले होते, त्यानंतर थेट त्या ऑफिसात.

काकू पोहे निवडून घेत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे साहेबाला ऐकवलंत. मला नाही."

*

काकांची शपथ होऊन गेली, तरी काकूंची तारीख येईना. काका सगळ्यांना 'मी सांगत होतो' असं सांगत फिरायचे. काकू रोज पोस्टाची पेटी बघायच्या. एकदा मी म्हटलं, काकू, अजून अर्ज करून जुनंच नाव ठेवता येईल, लवकर सुटाल. त्या म्हणाल्या, "शेठ, कोणतं जुनं?" मी परत सल्ला दिला नाही.

शेवटी तारीख आली. मुलगा कामाने बाहेरगावी, म्हणून मीच दोघांना कोर्टात ड्राइव्ह करून नेलं. बदललेली नावं एकेक करून पुकारली. 'द्वारका'चा उच्चार पार वाकडा झाला, पण काकू शाळेच्या हजेरीला उभं राहावं तशा ताठ उठल्या आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "हजर."

काका काकूंची पर्स सांभाळत मागे बसले होते. पर्स हातात धरूनच तेही उभे राहिले.

*

पुढच्या शनिवारी दोघं दुकानात. गर्दी होती. काका माझ्या काउंटरपाशी, काकू पार टोकाला भाजीच्या फ्रिजपाशी. काका दोनदा खाकरले. मग सगळं दुकान ऐकेल अशा आवाजात म्हणाले, "द्वारका, कढीपत्ता घे गं."

काकू हलल्या नाहीत. काकांनी पुन्हा हाक मारली, "द्वारका!"

काकू सावकाश कढीपत्ता घेऊन आल्या. काकांकडे न बघता तो माझ्यापुढे ठेवला.

"शेठ, दोन हाका झाल्या. यापुढचा हिशोब तुम्ही ठेवा. आणि यांची भीड न धरता, खरा ठेवा."